मॉरोविंड : नवख्या वाटसरूसाठी



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आठवीनंतर आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो. तेव्हा चिटणीसांनी आम्हांस बोलावले त्या वेळी आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तेव्हा ते काही क्षण गप्पच बसले. संगणकावरील एका खेळाबद्दल बोलायचे, आणि तेही पन्नाशी उलटलेल्या माणसाने, हे त्यांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही.

परंतु याला कारण घडले. सभेनंतर भेटणारे आईबाप हल्ली आमच्याकडे पगाराइतकीच मुलांची तक्रार करतात. 'पोरगा दिवसभर खेळतो, काय खेळतो ते कळत नाही.' आम्हांलाही कळत नव्हते. आणि ज्या गोष्टीची माहिती नाही तिच्यावर ठराव मंजूर करू नये, ही सवय संघटनेने आम्हांला लावली आहे. म्हणून धाकट्या भावाच्या मुलाला विचारले, 'तुझ्या त्या जुन्या संगणकावर आम्हांला एक खेळ शिकव.' त्याने जो खेळ शिकवला त्याचे नाव मॉरोविंड. तो शिकताना आम्ही ज्या चुका केल्या त्या आपण करू नयेत, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम खेळाची ओळख. 'द एल्डर स्क्रोल्स' नावाच्या मालिकेतला हा तिसरा खेळ. अमेरिकेतील बेथेस्डा या मंडळींनी तो 2002 साली प्रसिद्ध केला. त्याच साली 'ट्रिब्यूनल' आणि 2003 साली 'ब्लडमून' अशा दोन पुरवण्या निघाल्या. म्हणजे आजच्या हिशेबाने खेळ वृद्धच म्हणायचा. चित्रे ओबडधोबड आहेत, माणसे चालताना लाकडी बाहुल्यांसारखी दिसतात. पण त्याचा एक फायदा असा की तो साध्या, जुन्या संगणकावरही चालतो. शिवाय 'ओपन एम डब्ल्यू' या नावाने काही स्वयंसेवकांनी त्याचे यंत्र नव्याने बांधून सर्वांस फुकट खुले केले आहे. मात्र मूळ खेळाची प्रत आपल्याजवळ हवी. बिनमोबदल्याच्या अशा सामुदायिक श्रमाबद्दल आम्हांला आदर वाटतो, म्हणून हा उल्लेख.

खेळ घडतो व्हार्डनफेल नावाच्या बेटावर. मध्यभागी ज्वालामुखी, त्याच्याभोवती राखेचा प्रदेश, आणि कडेकडेने दलदल, शेतमळे व गावे. बेट डनमर नावाच्या राखी वर्णाच्या लोकांचे, पण वर अंमल साम्राज्याचा. आपण या बेटावर उतरतो ते कैदी म्हणून. जहाजाच्या तळातून वर आणले जाते, नाव विचारले जाते, आणि सेडा नीन नावाच्या लहानशा बंदरातील जकातीच्या कचेरीत आपले कागद तयार होतात. बादशहाच्या हुकुमाने सुटका झाल्याचे सांगतात, हाती 87 नाणी आणि एक पाकीट ठेवतात, आणि दार उघडते. 'बाल्मोरा गावी जाऊन केयस कोसॅडीस या गृहस्थास भेट' इतकीच आज्ञा.

आता येथेच नवखा माणूस गोंधळतो. अलीकडच्या खेळांत कोठे जायचे ते बाण दाखवतो. याच मालिकेतल्या पुढच्या खेळात, 2006 सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये, तशी सोय झाली. मॉरोविंडमध्ये बाण नाही. येथे माणसाला विचारावे लागते. तो सांगतो, 'पूल ओलांडा, फाट्यावर डावीकडे वळा, टेकडीच्या पायथ्याशी पाहा.' आपण ते नीट ऐकून घ्यायचे आणि चालू लागायचे. क्वचित सांगणारा पूर्व-पश्चिमेची गफलतही करतो. तेव्हा पहिला सल्ला असा, की शेजारी वही ठेवा. खेळात रोजनिशी आहे, पण ती घडेल तसतशी भरत जाते आणि महिन्याभरात तिची अडगळ होते. कोणी काय सांगितले, कोठले दार कुलूपबंद होते, कोणाकडे परत जायचे, हे आपल्या हाताने आपल्या भाषेत लिहावे. आमची दोनशे पानी वही भरली आहे. आमच्या घरच्यांनी ती चाळून पाहिली तेव्हा त्यांना ती एखाद्या औद्योगिक तंट्याची फाईल वाटली.

खेळाच्या आरंभी आपण कोण हे ठरवावे लागते. दहा वंश आहेत, 27 कौशल्ये आहेत. त्यांतली पाच मुख्य आणि पाच दुय्यम म्हणून निवडायची. मुख्य कौशल्य 30 पासून सुरू होते, दुय्यम 15 पासून, आणि उरलेली नुसती पाचावर. वंशाप्रमाणे आणि आपण लढवय्या, जादूगार की चोरपावली यांपैकी काय होणार त्याप्रमाणे त्यांत थोडी भर पडते. आम्ही उत्साहाच्या भरात थोडी जादू, थोडी चोरी, थोडे वक्तृत्व असे सगळे घेतले आणि शस्त्र एकही धड घेतले नाही. त्याचे फळ अर्ध्या तासात मिळाले. कचेरीच्या मेजावर एक सुरी सापडली होती, ती घेऊन आम्ही ओढ्याकाठच्या एका खेकड्यावर धावलो. खेकडा समोर उभा, सुरी त्याच्या अंगातून आरपार जाताना डोळ्यांना दिसते, आणि त्याला काहीही होत नाही. खेकड्याने आम्हांला ठार केले. आम्ही म्हटले, खेळ बिघडला आहे.

पुतण्या हसला. म्हणाला, 'काका, तुम्ही धावत जाता आणि मग मारता. म्हणून लागत नाही.'

ही गोष्ट या खेळाची किल्ली आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पडद्याच्या कोपऱ्यात तीन पट्ट्या असतात. तांबडी प्राणाची, निळी मंत्रशक्तीची, आणि हिरवी दमाची. नवखा माणूस तांबडीवर डोळा ठेवतो आणि हिरवीकडे दुर्लक्ष करतो. येथे घाव लागणे वा चुकणे हे पडद्याआडच्या हिशेबावर ठरते. शस्त्राचे कौशल्य, त्यात चपळाईचा पाचवा हिस्सा, त्यात नशिबाचा दहावा हिस्सा, अशी बेरीज करतात आणि तिला दमाच्या मापाने गुणतात. दम पूर्ण असेल तर सव्वापट, दम संपला असेल तर पाऊणपट. आता आमचेच उदाहरण घ्या. सुरीचे कौशल्य पाच, चपळाई व नशीब दोन्ही चाळीस. बेरीज आली सतरा. पूर्ण दमाने शंभर घावांत एकवीस लागले असते. आम्ही धावून दम घालवला होता, म्हणजे तेरासुद्धा कसेबसे. समोरचा प्राणी जे घाव चुकवतो ते यातून आणखी वजा. याउलट लांब तलवार मुख्य कौशल्यात घेतली, वंश तिला अनुकूल घेतला, तर आरंभीच कौशल्य चाळीसपर्यंत जाते. तेव्हा पूर्ण दमाने शंभरात पासष्ट घाव, आणि थकल्यावर एकोणचाळीस. तात्पर्य, एक शस्त्र ठरवावे, ते मुख्य कौशल्यात घ्यावे, त्याच जातीचे हत्यार हाती धरावे, आणि शत्रू दिसला की धावणे थांबवून चालत जावे. पुढे आमचे खेकड्याशी पुन्हा गाठ पडणे झाले ते समाधानकारक ठरले.

आणि हा दम नुसता लढाईत लागतो असे नाही. मंत्र साधणे, समोरच्याचे मन वळवणे, एवढेच काय पण दुकानदाराशी भाव करणे, या सर्वांत तो मोजला जातो. धापा टाकत दुकानात शिरलेल्या माणसाला भाव वाईट मिळतो. हे वाचून आम्ही थक्क झालो. बोलणीच्या मेजावर मालकाची माणसे विश्रांती घेऊन, जेवूनखाऊन येतात आणि आमचे प्रतिनिधी रात्रपाळी करून तडक येतात, हे आम्ही तीस वर्षे पाहिले. पहाटे दोन वाजता सही झालेल्या करारांतले कलम नंतर वाचून आम्ही कपाळावर हात मारला आहे. तेव्हापासून आमच्या संघटनेत एक नियम झाला की पाळी करून आलेल्याने बोलणीस बसू नये. खेळ करणाऱ्यांना हे ठाऊक होते असे दिसते. दुकानाच्या दाराशी थोडे उभे राहा, दम भरू द्या, मग आत जा.

वाढ कशी होते तेही सांगितले पाहिजे. येथे जे काम कराल त्यात हात बसतो. तलवार चालवाल तर तलवार सुधारते, उड्या माराल तर उडी. मुख्य व दुय्यम कौशल्ये मिळून दहा पायऱ्या चढली की झोप घ्यावी, म्हणजे आपण एक इयत्ता वर जातो आणि आठ मूलगुणांपैकी तीन वाढवता येतात. त्यांत सहनशक्ती हा गुण आधी वाढवावा. कारण दर इयत्तेला प्राणात जी भर पडते ती सहनशक्तीच्या एक दशांश असते आणि मागील बाकी नंतर मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधीसारखेच आहे हे. उशिरा जागे होणाऱ्याला गेलेल्या वर्षांचे काही मिळत नाही. ज्या गुणाशी निगडित कौशल्ये त्या इयत्तेत जास्त सुधारली असतील त्या गुणाची वाढही जास्त होते. सहनशक्तीशी जड व मध्यम चिलखत आणि भाला ही निगडित आहेत. परंतु याचा फार काटेकोर हिशेब करत बसू नये. पुतण्याचे काही मित्र तक्ता हाती घेऊन खेळतात. त्यांचा पराक्रमी पुरुष बलाढ्य होतो, पण बेट पाहायचे राहून जाते.

निळी पट्टी, म्हणजे मंत्रशक्ती, आपोआप भरत नाही. त्यासाठी झोपावे लागते किंवा औषध प्यावे लागते. आणि गावात भर रस्त्यात झोपता येत नाही. खाणावळीत पैसे देऊन खाट घ्यावी, किंवा बाल्मोऱ्यास पोहोचल्यावर त्या केयस कोसॅडीसची खाट वापरावी. हा मनुष्य म्हणजे साम्राज्याचा हेर, पण भेटतो तो अंगात सदरा नसलेला. घर सापडत नसेल तर साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात विचारावे. तो आपल्याला लगेच कामाला लावत नाही. दोनशे नाणी देतो आणि म्हणतो, आधी या मुलुखात काहीतरी उद्योग धर, चार लोकांत मिसळ, मग ये. हा सल्ला शब्दशः पाळावा. मुख्य कथेची घाई करणारा नवखा पहिल्याच मोठ्या भुयारात मरतो.

सेडा नीनहून बाल्मोऱ्यास जायला वाहन आहे. सिल्ट स्ट्रायडर नावाचा घराएवढा कीटक असतो. त्याची पाठ कोरून बसायला जागा केलेली, आणि हाकणारा त्याच्या उघड्या मज्जातंतूंना हात घालून त्याला वळवतो. भाडे थोडे आहे. पण पहिल्यांदा पायी जावे असे आम्ही म्हणू. वाटेत एक मनुष्य आरोळी ठोकत आकाशातून पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ तीन मंत्रपत्रे मिळतात. त्यांतले एक वाचून उडी मारली की आपण डोंगरांवरून उडत जातो. मात्र मंत्राचा अंमल सात सेकंदच टिकतो आणि उडी त्याहून लांब असते, म्हणून जमीन जवळ येताच दुसरे पत्र वाचावे लागते. न वाचल्यास त्या गृहस्थाची गत तीच आपली. पुढे लांबच्या प्रवासाला नावा आहेत, आणि जादूगारांच्या संघाच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत क्षणात पोहोचवणारा माणूस आहे. देवालयात नेणारे दोन मंत्र आहेत, तेही जवळ बाळगावेत. जखमी अवस्थेत त्यांच्याइतका सोबती नाही.

केयसच्या पहिल्या मोठ्या कामगिरीत अनेक जण अडतात, म्हणून तीही सांगून ठेवतो. मूनमॉथ किल्ल्यापलीकडे अर्कंग्थांड नावाचे प्राचीन भग्नावशेष आहेत. त्याचे दार ढकलून उघडत नाही. जवळच नळावर बसवलेला दांडा फिरवावा लागतो. आत जी पेटी आणायची ती मुठीएवढी आहे, फळीवर ठेवलेली, सहज नजरेआड होणारी. आम्ही दोन संध्याकाळी मोठी पेटी शोधत हिंडलो.

आता थोडे गंभीर बोलायचे आहे.

उद्योग धरायचा म्हणून आम्ही बाल्मोऱ्यातील लढवय्यांच्या संघात नाव घातले. संघ म्हटला की आमचे पाऊल आपोआप वळते. तेथील प्रमुख आयडिस फायर-आय नावाची बाई. पहिले काम एका घरात शिरलेले उंदीर मारायचे. दुसरे, खाणीत चोरी करणाऱ्यांचा बंदोबस्त. कामे झाली, पैसे मिळाले, बढतीही मिळाली. मग तिने सांगितले, साउथ वॉल गुत्त्यात सोटिल्डे नावाची बाई आहे, तिच्याजवळ एक वही आहे, ती आण. ती वही कसली, कोणाला हवी, आम्ही विचारले नाही. बाई ती सुखासुखी देणार नव्हती. मारावे तर खुनाचा दंड एक हजार नाणी. तेव्हा खेळातली एक युक्ती आम्हांला सापडली. माणसाला टोचून बोलत राहिले की तो चिडून आधी हात उचलतो. त्याने आधी हात उचलला की त्याला मारणे हा गुन्हा ठरत नाही. पहारेकरीसुद्धा काही बोलत नाही. आम्ही तिला टोचून बोलत राहिलो. तिने हात उचलला. आम्ही तिला मारले, वही घेतली, आणि बक्षीस घेऊन आलो.

त्या रात्री झोप लागली नाही, असे सांगितले तर आपण हसाल. पण नाही लागली. कारण ही युक्ती आम्ही आयुष्यात पाहिलेली होती, फक्त दुसऱ्या बाजूने. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावर आमची माणसे शांतपणे बसली होती. चार भाडोत्री इसम आले आणि दिवसभर त्यांना आईबहिणीवरून बोलत उभे राहिले. संध्याकाळी आमच्यातल्या एका तरुणाचा तोल गेला आणि त्याने एकाची गचांडी धरली. एवढ्याचीच ते वाट पाहत होते. गुन्हा नोंदला गेला तो त्या मुलावर, आणि त्याची नोकरी गेली. 'त्यानेच आधी हात उचलला' हे वाक्य आम्ही चौकशीत इतक्यांदा ऐकले की आजही कानात आहे. आणि खेळात, दोन-तीनशे नाण्यांसाठी, कोणी न शिकवता, आम्ही तेच केले होते.

पुढे शोध घेतला तेव्हा उमगले ते असे. लढवय्यांच्या संघाचा बेटावरचा मुख्य, स्योरिंग हार्ड-हार्ट, हा कॅमोना टाँग नावाच्या गुंडांच्या टोळीच्या ओंजळीने पाणी पितो. ती टोळी गुलामांचा आणि अमली पदार्थांचा व्यापार करते. तिला चोरांच्या संघाचा काटा काढायचा आहे, आणि ते काम लढवय्यांच्या संघाकडून करून घेतले जाते. ती वही चोरांच्या संघाची होती. म्हणजे पाटी संघाची, सभासद प्रामाणिक, आणि हुकूम भलत्याचाच. कामगार चळवळीत ज्यांनी दिवस काढले त्यांना हे चित्र नवे नाही. खेळाचा मोठेपणा असा की तो हे कोठेही ओरडून सांगत नाही. काम सांगणाऱ्याला 'हे कोणासाठी?' असे विचारायचे आपण विसरलो तर तो आपल्याला बढती देत राहतो.

परंतु त्याच संघात दुसरी वाटही आहे. आल्ड-रून गावच्या शाखेत पर्सियस मर्सियस नावाचा जुना सभासद आहे. तो स्योरिंगला मानत नाही. संघ टोळीच्या तावडीतून सोडवावा असे त्याला वाटते, आणि आपण त्याच्या बाजूने उभे राहू शकतो. तेव्हा नवख्यांना आमचा आग्रहाचा सल्ला आहे, की संघात जरूर जा, तेथे काम, निवारा, शिक्षक सर्व मिळते. पण एका शाखेच्या एका प्रमुखाचे बोलणे म्हणजे संघ असे समजू नका. दुसऱ्या शाखांत जा, लोकांशी बोला, मग हुकूम घ्या.

गुलामीचा उल्लेख आला. या बेटावर ती कायदेशीर आहे. साम्राज्याने करार करताना डनमर लोकांची ही चाल तशीच राहू दिली. गुलाम बहुतेक खजीत, म्हणजे मार्जारमुखी, आणि अर्गोनियन, म्हणजे सरड्यासारखे लोक. त्यांच्या मनगटात कडे असते. मळ्यांवर, खाणींत, चोरट्या व्यापाऱ्यांच्या गुहांत ते दिसतात. सेडा नीनच्या बाहेर पडताच अडमसार्टस नावाची गुहा आहे. तीत असे कैदी कोंडलेले आहेत आणि किल्ली त्यांना धरणाऱ्यांपैकी एकाच्या अंगावर आहे. बहुतेक नवख्यांची ही पहिली लढाई. गुहेतला माल उचलून तसेच बाहेर पडणारे पुष्कळ. किल्ली हाती घेऊन त्या माणसाशी बोलले तर त्याला सोडता येते. बदल्यात नाणे मिळत नाही. पुढे अशी माणसे सोडवणारी 'ट्विन लॅम्प्स' नावाची गुप्त संघटना आढळते. तिच्यात खुद्द बेटाच्या ड्यूकची मुलगी इल्मेनी ड्रेन आहे, आणि त्याच ड्यूकचा भाऊ मळेवाला, गुलामांचा धनी आणि कॅमोना टाँगचा म्होरक्या आहे. एकाच घरात दोन तट. अशी घरे आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहेत.

एक लहान प्रसंग सांगतो आणि आवरते घेतो. सेडा नीनजवळ झुडपांत एका करवसुली अधिकाऱ्याचे प्रेत सापडते. जवळ दोनशे नाणी आणि वसुलीचा कागद. पैसे खिशात घालून गप्प बसता येते. कचेरीत नेऊन दिले तर खुनी शोधायला सांगतात, बक्षीस पाचशे नाणी. खुनी गावातलाच एक गरीब मनुष्य निघतो. तो कबूल करतो, आणि सांगतो की हा अधिकारी गावाला पिळत होता व स्वतः चैन करत होता. त्याला मारलेच पाहिजे असा खेळाचा आग्रह नाही. आम्ही त्याला सोडले. पुतण्याने मारले. त्यावर आमचा रात्री जेवताना तासभर वाद झाला. तो म्हणाला, 'काका, खून तो खूनच.' आम्ही म्हणालो, 'आणि पिळवणूक?' तो म्हणाला, 'मग तुम्ही त्या गुत्त्यातल्या बाईला का मारलेत?' यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते नाही असे आम्ही त्याला सांगितले. एरवी हा मुलगा आमच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे.

खेळात वरचेवर जतन करावे, हा शेवटचा व्यावहारिक सल्ला. प्रत्येक गुहेच्या तोंडाशी, प्रत्येक मोठ्या संभाषणाआधी, आणि एकाच नावाखाली नव्हे तर तीन-चार निरनिराळ्या ठिकाणी. कारण येथे महत्त्वाचा माणूसही आपल्या हातून मरू शकतो. मग भवितव्याचा धागा तुटल्याचे खेळ कळवतो, पण आपल्याला अडवत नाही. मात्र प्रत्येक चूक मागे जाऊन पुसू नये. घाव चुकला, भाव वाईट मिळाला, वाट चुकली, तर तसेच पुढे चालावे. आमच्याजवळ त्या गुत्त्यात शिरण्याआधीची जतन केलेली जागा होती. पुतण्या म्हणाला, 'तेथून पुन्हा सुरू करा, बाई जिवंत होईल.' आम्ही ती उघडली नाही. आल्ड-रूनची वाट धरली आणि पर्सियसला जाऊन भेटलो. फाटकावरच्या त्या तरुणाला मागची कोणती जागा उघडायला मिळाली नव्हती.

ज्या आईबापांनी आम्हांला प्रश्न विचारला त्यांना आमचे उत्तर एवढेच. मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याला विचारा, हे काम तुला कोणी सांगितले, आणि ते कोणासाठी? तो सांगू लागला तर ऐका. आणि तुम्ही स्वतः खेळलात, तर खेकड्यापर्यंत चालत जा.